आधी चिमणी, मग स्टोव्ह

काका, नमस्कार. आम्ही दोघं आणि आमची दोन मुलं न्यू जर्सीत राहतो. गेल्या शरदात आम्ही न्यूयॉर्क राज्यात, ॲडिरॉन्डॅक डोंगरांत, एक जुनी लाकडी केबिन घेतली. एकच खोली, 16 बाय 24 फूट, वर झोपायला छोटा माळा, उतरतं पत्र्याचं छप्पर. वीज आहे, पण वादळात जाते. येत्या हिवाळ्यात महिन्यातून एक-दोन वीकएंड तिथे काढायचे आहेत, म्हणून लाकडाचा स्टोव्ह बसवायचं ठरवलंय. बजेट सगळं मिळून अडीच हजार डॉलर. नवऱ्याने ऑनलाइन एक बिडाचा, पेटीसारखा स्टोव्ह अडीचशे डॉलरला हेरून ठेवलाय. एका मित्राच्या गॅरेजमध्ये जुना फिशर 'मामा बेअर' पडून आहे, तो फुकट न्या म्हणतोय. आणि मला व्हिडिओत पाहिलेला तो चिमुकला, व्हॅनमध्ये बसवतात तसला स्टोव्ह फार आवडलाय. कोणता घेऊ? आणि जरा मोठाच घेतलेला बरा ना, म्हणजे थंडीची काळजी नको?
– मृ. क., न्यू जर्सी

मृ. क., तिन्हींपैकी एकही घेऊ नका. फुकटचा फिशरसुद्धा नाही.

कारणं सांगतोच. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट नाहीच, आणि नेमकी तीच सगळ्यांत महाग आहे: चिमणी. अडीचशेचा, फुकटचा, व्हिडिओतला, सगळा हिशोब स्टोव्हचा चाललाय. धूर छपराबाहेर कसा जाणार यावर एक ओळ नाही. तुमच्या अडीच हजारांतला निम्मा पैसा तिथे जाणार आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणा हवं तर, पण या धंद्यात मसाल्यावरच जीव अवलंबून असतो.

खोलीत, स्टोव्हपासून छतापर्यंत, काळ्या पत्र्याचा साधा पाइप चालतो. छत आलं की तो संपला. तिथून वर 'क्लास ए' चिमणीच लागते: स्टेनलेस स्टीलची नळीत नळी, मधल्या पोकळीत इन्सुलेशन, आणि अंगावर 'यूएल 103 एचटी' असा छाप (यूएल म्हणजे वस्तूंची सुरक्षा तपासणारी अमेरिकेतली संस्था). आत साचलेलं, धुरातून बनणारं डांबर कधी पेटलंच, तर 2100 अंश फॅरनहाइटची धग झेलायची परीक्षा ही चिमणी देऊन आलेली असते. आजोळच्या बंबाची नळीही चांगली तापायची, पण बंब अंगणात असायचा. तुमची नळी वर्षानुवर्षं सुकलेल्या फळ्यांच्या छतातून जाणार आहे. साधा पाइप तिथून काढला, तर त्या फळ्या दर हिवाळ्यात थोड्या थोड्या भाजत जातात आणि एके रात्री पेट घेतात. क्लास ए चिमणीभोवतीसुद्धा लाकडापासून दोन इंच जागा मोकळी सोडायची असते. ती इन्सुलेशनने भरून टाकायची नाही.

उंचीचा नियम सोपा आहे. चिमणी छपरातून निघते तिथून किमान 3 फूट वर, आणि 10 फुटांच्या अंतरात छपराचा जो भाग येईल त्याच्यापेक्षा किमान 2 फूट वर. स्टोव्हपासून टोपीपर्यंत एकूण पंधरा फूट मिळाले तर धूर नीट ओढला जातो. म्हणून माझा आग्रह असा, की स्टोव्ह आढ्याच्या जवळपास येईल असा ठेवा आणि चिमणी सरळ वर काढा. भिंतीला भोक पाडून बाहेरून वर नेली, तर छपराला हात लागत नाही हे खरं, पण दोन वळणं येतात, बाहेरची नळी थंडगार पडते, ओढ मंदावते आणि खर्चही वाढतो. शुक्रवारी रात्री दहाला तुम्ही पोचणार, काडी लावणार आणि धूर खोलीत परत येणार. शिवाय तुमचं छप्पर पत्र्याचं आहे. त्यावरून बर्फ एकगठ्ठा घसरतो आणि वाटेत आलेली चिमणी खुशाल मोडून नेतो. आढ्यापाशी घसरायला बर्फच कमी असतो. उतारावर खाली बसवायची वेळ आलीच, तर वरच्या बाजूला बर्फ फाडणारी पत्र्याची पाचर बसवून घ्या.

या सगळ्याला, म्हणजे छतातला सपोर्ट बॉक्स, चिमणीचे तुकडे, फ्लॅशिंग (छपराच्या भोकाभोवती पाणी अडवणारा पत्रा), त्यावरची कॉलर आणि टोपी धरून, साधारण हजार ते चौदाशे डॉलर लागतील. सगळं एकाच कंपनीचं घ्या. एकीचे तुकडे दुसरीच्या तुकड्यांत बसत नाहीत. आणि जुनी चिमणी घेऊ नका. जुना स्टोव्ह घेतला तर तो उघडून, आत टॉर्च मारून बघता येतो. चिमणीत पूर्वी कधी आग लागून आतली नळी वाकडी झाली असेल, तर ते बाहेरून कळत नाही.

पाइपचं बोलतोच आहे तर एक बारीकशी गोष्ट, कारण ती हमखास उलटी केली जाते. काळ्या पाइपचं एक टोक चुण्या घातलेलं, किंचित निमुळतं असतं. ते खाली, स्टोव्हच्या बाजूला हवं. धूर वर जातो म्हणून माणूस ते टोक वर करून बसवतो. पण पाइपातून खाली येतं ते ओलं डांबर. चुण्यांचं टोक खाली असेल तर ते आतल्या आत स्टोव्हमध्ये उतरून जळून जातं. वर असेल तर प्रत्येक सांध्यातून काळे ओघळ बाहेर येतात आणि तो वास मे महिन्यापर्यंत जात नाही. दर सांध्याला तीन स्क्रू, बस.

आता तुमचे तीन उमेदवार.

बिडाची पेटी आधी. तिच्या पाठीवर धातूची पट्टी आहे का, नवऱ्याला बघायला सांगा. नसणारच. पट्टी नाही म्हणजे स्टोव्हची तपासणी झालेली नाही, आणि असा स्टोव्ह जळू शकेल अशा कुठल्याही वस्तूपासून सगळ्या बाजूंनी 36 इंच लांब ठेवावा लागतो. दोन फूट रुंद स्टोव्ह, दोन्हीकडे तीन-तीन फूट, मागे-पुढे तसंच: आठ बाय आठची जागा गेली. तुमची केबिन 384 चौरस फुटांची आहे. म्हणजे सहावा हिस्सा एका अडीचशेच्या पेटीने खाल्ला. या पेट्या सांध्यांतून हवा खातात, त्यामुळे आग तुमच्या ताब्यात राहत नाही, आधी भडकते आणि मग विझते. वर विमा कंपनी पट्टीचा फोटो मागते तेव्हा काय पाठवणार?

फिशरबद्दल मात्र मी वाईट बोलणार नाही. बॉब फिशरने 1970 च्या दशकात ओरेगनमध्ये जाड पोलादी पत्र्याचे हे स्टोव्ह बनवायला घेतले: पापा बेअर, मामा बेअर, बेबी बेअर. तेलटंचाईच्या त्या वर्षांत अमेरिकेतल्या असंख्य घरांना त्यांनी ऊब दिली. पन्नास वर्षांनंतरही दार ओढलं की तिजोरीसारखं बसतं. पण धुराचे नियम आले 1988 मध्ये, फिशर त्याच्या आधीचा. जुन्या स्टोव्हमधून तासाला 15 ते 30 ग्रॅम धूर निघतो. आज नवा स्टोव्ह विकायचा तर मर्यादा 2 ग्रॅमची, ओंडक्यांवर चाचणी केली असेल तर अडीचची. हा धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच. तुम्ही फोडलेलं, वाहून आणलेलं, आणि छपरातून उडवून दिलेलं.

त्याहून मोठी अडचण म्हणजे त्याचा आकार. इथेच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही येतं: मोठा घेतलेला बरा नाही, वाईट.

हिशोब करून बघू. बऱ्यापैकी इन्सुलेशन असलेल्या केबिनला तिथल्या कडाक्यात चौरस फुटाला तासाला 30 ते 40 बीटीयू (बीटीयू हे उष्णतेचं माप) लागतात असं धरा. 384 चौरस फूट म्हणजे साधारण साडेअकरा ते साडेपंधरा हजार. चांगल्या सुकलेल्या लाकडाच्या एका पौंडातून, चिमणीवाटे जाते ती उष्णता वजा करता, पाचएक हजार बीटीयू खोलीत येतात. म्हणजे तुम्हाला तासाला अडीच-तीन पौंड लाकूड पुरतं. सव्वा घनफुटाच्या भट्टीत बारा पौंडांच्या आसपास लाकूड मावतं: चार ते पाच तास. मामा बेअरची भट्टी याच्या दुपटीहून मोठी. ती नीट पेटवली की दोन तासांत तुम्ही दारं-खिडक्या उघडून बनियनवर बसाल, आणि माळ्यावर तर झोपणंच अशक्य, कारण गरम हवा तिथेच जमते. मग काय करतो माणूस? हवेची चावी बंद करून आग गुदमरवतो. गुदमरलेली आग धुमसते, धूर थंड चिमणीत डांबर होऊन चिकटतो, आणि ते डांबर एक दिवस पेटतं. छोट्या खोलीतला मोठा स्टोव्ह बहुतेक वेळ असा धुमसतच राहतो. छोट्या स्टोव्हमध्ये आग मोकळी जळते, काच स्वच्छ राहते.

त्या मित्राला फिशर अंगणात ठेवून त्यावर मटण शिजवायला सांगा. त्यासाठी उत्तम आहे.

व्हॅनमधला चिमुकला दिसतो गोड, कबूल. पण त्यात सहा-आठ इंचांचे तुकडे लागतात, आणि दर तासा-दीड तासाला उठावं लागतं. बाहेर उणे 20 फॅरनहाइट आणि मध्यरात्री चाकूएवढी लाकडं कापत बसलेला नवरा, हे चित्र व्हिडिओत दाखवत नाहीत. तीच गोष्ट ऑनलाइन शे-दोनशे डॉलरला मिळणाऱ्या तंबूच्या स्टोव्हची. ते तंबूसाठीच आहेत.

मग घ्यायचा कोणता? साधा पोलादी पत्र्याचा, आत विटांचं अस्तर, दाराला काच, 6 इंची पाइपचा, एक ते दीड घनफूट भट्टीचा, 16 इंची लाकूड घेणारा, पाठीवर यूएल 1482 (स्टोव्हची सुरक्षा-चाचणी) आणि ईपीए (अमेरिकेचं पर्यावरण खातं) अशी दोन्ही नावं असलेल्या पट्टीचा. नवा हजार डॉलरच्या आसपास मिळतो. कॅनडातल्या क्वेबेकची ड्रोले, नाहीतर इंग्लंडर, यांसारख्या कंपन्या दिखाऊपणा न करता असले स्टोव्ह बनवतात. शेतीच्या सामानाच्या आणि हार्डवेअरच्या दुकानांत दिसतात. पाटीवरच्या '65,000 बीटीयू' वगैरेकडे दुर्लक्ष करा, तो क्षणभराचा कमाल आकडा असतो. माहितीपत्रकात भट्टीचे घनफूट बघा, आणि भिंतीपासून किती इंच अंतर लागतं ते बघा. छोट्या खोलीत हे दुसरं फार मोलाचं. काही स्टोव्ह मागच्या भिंतीपासून दहा इंचांवर चालतात, काहींना वीस लागतात.

सोपस्टोन नावाच्या दगडाच्या किंवा जाड बिडाच्या सुंदर स्टोव्हच्या मोहात पडू नका. रोज राहत्या घरी ते छान; तापायला वेळ घेतात आणि रात्रभर ऊब धरून ठेवतात. तुम्ही महिन्यातून दोनदा गोठलेल्या केबिनमध्ये शिरणार आहात. तुम्हाला लवकर तापणारा पत्रा हवा. आणि वरची बाजू सपाट असलेला घ्या. वीज गेली की त्याच्यावर खिचडी होते, आणि रात्री उरलेल्या निखाऱ्यांत वांगं सरकवून दिलं तर असं भरीत होतं, की न्यू जर्सीच्या गॅसवर जन्मात होणार नाही.

जुना घ्यायचा असेल तर 1990 नंतरचा, पट्टीवाला. आत टॉर्च मारा, दिवे घालवून बाहेरून बघा. प्रकाश जिथून झिरपेल तिथे चीर. दारात डॉलरची नोट धरून दार बंद करा आणि ओढा. सहज निघाली तर दोरीचं गॅस्केट बदलायला हवं, जे स्वस्त काम आहे. विटा तडकलेल्या असतील तर त्याही स्वस्त. भट्टीच्या आतली, वरची आडवी पाटी वाकली असेल किंवा पत्राच फुगला असेल, तर तिथून निघा. बाजारात चार-पाचशेला चांगले मिळतात.

पूर्वी कार्यक्षम स्टोव्हवर केंद्र सरकारची 30 टक्के करसवलत होती. ती 31 डिसेंबर 2025 ला संपली. दुकानात जुनी पाटी अजून लटकत असेल, तिच्यावर विसंबून बजेट वाढवू नका.

पैशाची जुळणी मी अशी करेन: चिमणी आणि पाइप बाराशे, स्टोव्ह साडेनऊशे, खालची फरशी आणि भिंतीचं कवच दोनशे, किरकोळ शंभर. अडीच हजारांत बसतं, पण मजुरी आणि परवान्याची फी यात नाही. नवऱ्याला छपरावर चढायची सवय नसेल तर माणूस लावा, आणि ते पैसे जुना स्टोव्ह घेऊन भरून काढा. चिमणीतून कापू नका.

भिंतीच्या कवचाबद्दल: लाकडी भिंतीवर थेट टाइल चिकटवली म्हणजे भिंत सुरक्षित झाली असं नाही. टाइल तापते आणि मागचं लाकूडही तापतं. भिंतीपासून एक इंच पुढे, खाली-वर हवा खेळेल असा पत्रा उभा करा. ती एक इंच हवाच काम करते. विनापट्टीच्या स्टोव्हचं 36 इंचांचं अंतर अशा पत्र्यामागे 12 वर येऊ शकतं. पट्टीवाल्याला मात्र त्याच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच लागू. स्टोव्हखालची फरशी दारासमोर किमान 16 इंच पुढे आलेली हवी, कारण दार उघडताना निखारा तिथेच उडतो.

तुमच्या स्वयंपाकाचा एक धोका. केबिन छोटी, आणि फोडणी दिली की आपण सवयीने एग्झॉस्ट फॅन लावतो. तो फॅन खोलीतली हवा बाहेर खेचतो, आणि बदली हवा यायला सगळ्यात सोपा रस्ता उरतो चिमणीचा. स्टोव्हचा धूर घरात. त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही, ज्याला वास नसतो. फॅन लावायचा तर खिडकी बोटभर उघडा, किंवा स्टोव्हला बाहेरची हवा थेट आणणारी नळी जोडून घ्या. बॅटरीवर चालणारे धुराचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म खाली एक आणि माळ्यावर एक, असे लावाच.

आता लाकूड. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला शंका आहे की न्यू जर्सीच्या घरामागचं पडलेलं ओकचं झाड गाडीत भरून न्यायचा बेत असणार. नेऊ नका. ॲशची झाडं पोखरणारा हिरवा भुंगा आणि त्याचे भाईबंद सरपणातूनच गावोगाव पोचले, म्हणून न्यूयॉर्क राज्यात बाहेरचं प्रक्रिया न केलेलं सरपण आणायला बंदी आहे, आणि राज्यातल्या राज्यातही 50 मैलांपलीकडे नेता येत नाही. भट्टीत तापवलेलं, तसा शिक्का असलेलं चालतं. तेव्हा केबिनजवळच्याच माणसाकडून घ्या, आणि हिवाळ्याची वाट न बघता आत्ता मे महिन्यातच घ्या. फोडलेलं घ्या, पट्ट्यांवर रचा, वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. ॲश मिळालं तर सोनं, एका उन्हाळ्यात वाळतं. मेपल आणि बीच वाळायला जरा जास्त वेळ घेतात, ओकला दोन उन्हाळे हवेतच. 'फुल कॉर्ड' म्हणजे 4 बाय 4 बाय 8 फुटांचा ढीग, 128 घनफूट. 'फेस कॉर्ड' साधारण त्याचा तिसरा हिस्सा. भाव विचारताना कोणता ते आधी विचारा. तुमच्या वापराला एक फुल कॉर्ड बहुधा पुरेल.

विकणारा प्रत्येक जण 'वाळलेलं आहे' म्हणतो. पंचवीस-तीस डॉलरचं आर्द्रतामापक घ्या, एक ओंडका त्याच्यासमोर फोडा आणि आतल्या ताज्या पृष्ठभागावर टोचा, बाहेरून नाही. 20 टक्क्यांच्या आत हवं. ओलं लाकूड उत्तमोत्तम स्टोव्हचीही फिशर करून टाकतं: धूर, डांबर, काळी काच, आणि ऊब नाही. डिसेंबरात आकडा वरच असेल, तर पहिला हिवाळा मेण नसलेल्या भुशाच्या विटांवर काढा. महाग पडतात, पण कोरड्या असतात.

हे सगळं वाचून नवरा म्हणेल, त्यापेक्षा गॅसचा हीटर लावू. निव्वळ उबेचाच प्रश्न असेल तर बाहेर धूर सोडणारा, विजेविना चालणारा प्रोपेनचा भिंतीवरचा हीटर खरोखरच कमी कटकटीचा आहे, आणि मी त्याला नाक मुरडणार नाही. पेलेट स्टोव्हला (भुशाच्या दाबलेल्या गोळ्या जाळणाऱ्या) मात्र वीज लागते, म्हणून तो तुमच्या यादीतून बाद. पण तुम्हाला आग बघायची आहे, हे पत्रावरून दिसतंय. तर बघा.

काही विकत घ्यायच्या आधी तिथल्या टाउनच्या कोड ऑफिसला, म्हणजे बांधकामाचे नियम बघणाऱ्या कचेरीला, फोन करा. परवाना लागेल, बसवल्यावर तपासनीस येईल, आणि त्याचा कागद विमा कंपनीलाही चालतो. छपराचं काम सप्टेंबरच्या आत उरका. ऑक्टोबरात तिकडचा पत्रा सकाळी गोठलेला असतो. दर वर्षी एकदा ब्रशने चिमणी झाडा, आणि राख काढाल ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, डबा बाहेर, लाकडी ओट्यापासून लांब. राखेत दडलेला निखारा दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहतो, आणि रविवारी दुपारी निघताना तो कागदी पिशवीत टाकून जाणारे लोक मला माहीत आहेत.

मुलांची वयं लिहिली नाहीत. लहान असतील तर स्टोव्हभोवती भिंतीला स्क्रूने घट्ट बसणारं जाळीचं कुंपण घ्या. त्याचे शंभरेक डॉलर अडीच हजारांच्या वरचे समजा.